तारखेची जागा

गोजरबाई : आधी पाणी पे. रडायचं ते मग रड.

धम्मानंद : रडत नाही आत्या.

गोजरबाई : मग डोळ्यात काय हळदीचा भुकटा गेला?

सटवाजी : आगं, दम तर घेऊ दे त्याला. आन् तू हात सोड माझा, धम्मा. धरून धरून दुखायला लागला. हाय मी. जित्ता हाय.

धम्मानंद : बाबा, तुम्ही खरंच बरे आहात ना? कालपासून काही झालं नाही ना तुम्हाला?

सटवाजी : काय व्हणार? सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. आता बाजेवर पडलो व्हतो तर तू येऊन अंगावरच पडलास. मीच भेलो.

गोजरबाई : मी चुलीपशी व्हते. म्हणलं बिबट्या घुसला का काय घरात.

धम्मानंद : आत्या, हसू नको. हा बघ. काल संध्याकाळी तूच पाठवलास ना हा फोटो?

गोजरबाई : व्हय, मीच. वैनीच्या वर्षाचा बॅनर काढलाय, मोबाइलवर. ओमप्रकाशनं औंढ्याहून करून देला. म्हणलं पोराला दाखवावा.

धम्मानंद : यात काय दिसतंय ते बघ.

गोजरबाई : चष्मा कुठंय माझा... हं. दादाचा फोटो हाय. फुलं हायेत. अक्षरं मला येत न्हाईत, ते तू वाच.

धम्मानंद : ‘भावपूर्ण आदरांजली.’

सटवाजी : अरे देवा.

धम्मानंद : बाबांचा फोटो, फुलांचा हार आणि खाली भावपूर्ण आदरांजली. तुझ्याकडून आलेला. वर एक शब्द नाही.

गोजरबाई : शब्द लिहिता येत असते तर फोटो काहून पाठवला असता? आन् मी पूरा बॅनर काढला व्हता. वैनी कुठं गेली?

सटवाजी : बॅनर गुंडाळलेला व्हता, गोजरे. बाजेवर अर्धाच उलगडला तू. माझी बाजू वर आली, तिची गुंडाळीत राहिली.

गोजरबाई : आता मला काय म्हाईत मोबाइल असं करतो.

धम्मानंद : मी लगेच बाबांना फोन लावला. बंद. तुला लावला. तुझाही बंद. रात्रभर लावत होतो.

सटवाजी : डीपी जळाली परवा. लाइट न्हाई गावात. माझा मोबाइल कालच मेला.

गोजरबाई : माझा फोटो गेला आन् माझाबी मेला.

धम्मानंद : सारखं मेला मेला म्हणू नका.

सटवाजी : बरं. गावात दुसऱ्या कोणाला तरी लावायचा. हरिचंदला लावायचा.

धम्मानंद : नंबर नाही.

सटवाजी : कोणाचाच न्हाई?

धम्मानंद : मोबाइल बदलला तेव्हा गेले. मग घ्यायचे राहून गेले. रात्री लक्षात आलं, या गावातले माझ्याकडे तुम्ही दोघंच आहात.

गोजरबाई : नाक्यावर तर बसलेला असतो हरिचंद. गाडी थांबवून इचारायचं.

धम्मानंद : ते समोरच होते. जय भीम म्हणाले. मला विचारायची हिंमत झाली नाही. मी मान खाली घातली आणि ड्रायव्हरला चल म्हणालो.

गोजरबाई : म्हणून तो तुझ्या मागोमाग येऊन दारातूनच म्हणून गेला, सटवाजीचं पोरगं लई माजलं, जय भीम बी घेईना.

सटवाजी : सांगतो मी त्याला. बस रे तू. भाकरी खा. गाडी कोणाची हाय भायर?

धम्मानंद : हैदराबादहून केली. सकाळी पहिल्या विमानानं हैदराबादला उतरलो, तिथून सरळ इकडं.

गोजरबाई : म्हणजे इमानानं आलास. मग स्वस्त भेटलं असंल तिकीट. तुझं तर घड्याळ लावलेलं असतं त्याला.

धम्मानंद : अलर्ट असतो तो.

गोजरबाई : तेच ते. गेल्या पावसाळ्यात तूच सांगत व्हतास. भाव पडला की मोबाइल वाजतो, आन् हा वाजला की निघतो. शुक्रवारी गोवा. मग ते कोणतं, चहाचं...

धम्मानंद : गुवाहाटी.

गोजरबाई : तिकडं तर लोक मिलिटरीत भरती झाल्यावर जातात. हा सुट्टीला गेला. कितीला भेटलं मग रातचं?

धम्मानंद : माहीत नाही.

गोजरबाई : मला सांगायचं नसंल तर नको सांगू.

धम्मानंद : खरंच माहीत नाही आत्या. बघितलंच नाही. पहिलं जे विमान दिसलं त्याचं घेतलं.

गोजरबाई : भाव न बघता? तू?

धम्मानंद : हो.

गोजरबाई : बघ दादा. तुझ्यापाई पोरगं भाव न बघता आलं. वैनीच्या बारीला तर...

सटवाजी : गोजरे. भाकरी आण त्याला.

गोजरबाई : मी काय वाकडं बोलले?

सटवाजी : भाकरी आण. ठेचाबी आण.

धम्मानंद : थांबवू नका तिला. ती बोलली ते मी रात्रभर विमानतळावर बसून स्वतःलाच बोलत होतो.

सटवाजी : काय बोलत व्हतास?

धम्मानंद : आई आजारी होती तेव्हा मी चार दिवस भाव बघत बसलो. आज जास्त आहे, मंगळवारी उतरेल. मंगळवारी चढला. म्हटलं, बुधवारी उतरेल. ती वाट बघत होती आणि मी भाव बघत होतो. आणि काल वाटलं तुम्ही गेलात, तर एका मिनिटात तिकीट काढलं. गेलेल्या माणसासाठी मला घाई झाली. तेव्हा काय झालं होतं मला?

सटवाजी : तुला काय म्हाईत ती इतकी आजारी हाय. मीच सांगितलं व्हतं, बरी हाय, थांब.

धम्मानंद : तुम्ही सांगितलं. मला ते बरं वाटलं. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

सटवाजी : माझ्याकडूनच आलंय ते तुझ्यात. लहानपणापासून बघत आलास तू. हळद घरात ठेवायची, मोंढ्यात भाव चढला की काढायची. घाई केली तो गेला, हे मीच शिकवलं. तू फोनवर म्हणलास भाव उतरू द्या, तर मला बराबर वाटलं. म्हणलं, पोरगं शाणं निघालं.

गोजरबाई : वैनीलाबी तसंच वाटायचं. कौतिक व्हतं तिला. माझं पोरगं यष्टीच्या भावात इमानानं फिरतं म्हणायची. बाया हसायच्या मागं. शेवटी शेवटीबी रोज सकाळी इचारायची मला, उतरला का गं भाव?

सटवाजी : तुला भाकरी आणायला सांगितली व्हती.

गोजरबाई : आणली की. ही काय. खा रे बापू. मी आपली बोलून जाते.

धम्मानंद : रोज विचारायची?

गोजरबाई : रोज. मला काय कळतंय त्यातलं. मी म्हणायचे, उतरून राहिला वैनी, जरासा ऱ्हायला. खोटंच.

धम्मानंद : मला हे कोणी सांगितलं नाही.

सटवाजी : सांगून काय करणार व्हतो? जेव तू.

धम्मानंद : जेवण जात नाही बाबा.

सटवाजी : मग ठेच्यासंगं थोडी खा. रात्रीपासून पोटात काही न्हाई तुझ्या, दिसतंय मला.

गोजरबाई : त्या ड्रायव्हरला बोलावू का? त्योबी माणूसच हाय. उन्हात बसलाय.

सटवाजी : बोलाव. न्हाईतर तिकडंच वाढ त्याला. आन् हळू बोल त्याच्याम्होरं, मराठी कळती का काय म्हाईत न्हाई.

गोजरबाई : मी हळूच बोलते.

धम्मानंद : बाबा, बॅनरवर तुमचा फोटो कशाला टाकला? कार्यक्रम आईचा आहे ना.

सटवाजी : तिचा एकटीचा फोटोच न्हाई घरात. पेटी उपसली, कपाट बघितलं. आधारकार्डावरचा हाय, तो तिलाबी आवडत नव्हता. नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो व्हतो तवा एका फोटोवाल्यानं काढलेला दोघांचा तेवढा निघाला. पांढरं लुगडं हाय अंगावर, चांगली दिसती त्यात. ओमप्रकाश म्हणला, मी तुम्हाला कापून काढतो काका. पर तिचा खांदा माझ्या खांद्यामागं हाय. मला कापलं तर तिचाबी खांदा जातो. म्हणलं ऱ्हाऊ दे मग दोघंबी.

धम्मानंद : माझ्या मोबाइलमध्ये असेल.

सटवाजी : बघितलास कवा?

धम्मानंद : बघितला. विमानतळावरच बघितला. नाही. समुद्राचे आहेत, जेवणाच्या ताटांचे आहेत. आईचा एक आहे, त्यात ती पाठमोरी आहे. मी चुलीचा फोटो काढत होतो, ती मधे आली.

सटवाजी : तो असू दे जपून.

गोजरबाई : आला न्हाई तो ड्रायव्हर. म्हणतो गाडीतच देवा. ताट देऊन आले. हिंदीत आम्माजी म्हणला मला. ते काही का असंना, बापू, एक इचारू का?

धम्मानंद : विचार.

गोजरबाई : तू पंधरा दिसामागं फोनवर म्हणलास, आईचं वर्षाचं पुढं ढकलू. ते काहून? दादा मला नीट सांगंना.

सटवाजी : सांगितलं की. तिकिटं चढली व्हती.

धम्मानंद : सुट्ट्या जोडून आल्यात आत्या या आठवड्यात. दुप्पट-तिप्पट झाली होती. म्हटलं, पुढच्या पंधरवड्यात उतरतील, तेव्हा येतो. आपल्यात कुठं तिथी-मुहूर्त असतो. कोणत्याही दिवशी वंदना घेता येते.

सटवाजी : ते बराबर हाय. मुहूर्त आपण मानत न्हाई.

गोजरबाई : मुहूर्त मानत न्हाई, इमानाचा भाव मानता.

सटवाजी : गोजरे.

गोजरबाई : आता तू मला कितीबी दाब दादा. बाबासाहेबांनी मुहूर्त काढून टाकला तो असल्यासाठी न्हाई.

धम्मानंद : बोल आत्या. बरोबर बोलतेस.

गोजरबाई : बरोबर बोलते म्हणून काय तोंड उतरवून बसायचं न्हाई. खा ती भाकरी. तुझ्या आईनं मला सांगून ठेवलंय, धम्मा आला की आधी जेवू घालायचा, मग भांडायचं. मी उलटं केलं.

धम्मानंद : बॅनर कुठं आहे?

सटवाजी : कोपऱ्यात उभा केलाय. काय करतूस?

धम्मानंद : पूर्ण बघायचाय. धरा ती बाजू.

(दोघे बॅनर उलगडून भिंतीला लावून धरतात.)

गोजरबाई : ही बघ वैनी. म्हणलं व्हतं ना, मी पूरा काढला व्हता.

धम्मानंद : आई हसतीय.

सटवाजी : फोटोवाला म्हणला व्हता, ताई हसा. तिला वाटलं पैसे जास्त पडतील हसायचे. मला इचारलं आधी. मी म्हणलो हस. तर तवा ती खरंच हसली.

धम्मानंद : ‘कालकथित सोजराबाई सटवाजी... यांना प्रथम स्मृतिदिनी भावपूर्ण आदरांजली.’ हे सगळं आतल्या बाजूला राहिलं. खालची ओळ तेवढी तुमच्या बाजूला आली.

गोजरबाई : माझीच चूक. कबूल.

धम्मानंद : तुझी चूक नाही आत्या. तू पाठवला नसता तर मी आज तिथंच असतो... बाबा, हे काय? ‘दिनांक’ लिहिलंय, पुढं काहीच नाही. ओमप्रकाश विसरला का?

सटवाजी : न्हाई, त्यानं दोन बार इचारलं.

धम्मानंद : मग?

सटवाजी : मीच म्हणलो, रिकामी ठेव. नंतर हातानं लिहू.

धम्मानंद : का?

सटवाजी : तुझं तिकीट कवा उतरंल ते कळंना ना. छापून बसलो आन् तुझं पुन्हा पुढं गेलं, तर बॅनर वाया.

गोजरबाई : मी भांडले यावर. म्हणलं, मेलेल्या बाईला तारीख तरी द्या तिची.

सटवाजी : पोरगं नसंल तर कार्यक्रम कोणासाठी करायचा, गोजरे? मी तर रोजच तिची याद काढत बसतो.

धम्मानंद : मार्कर आहे का?

सटवाजी : हाय. ओमप्रकाशनं संगंच देलाय. फळीवर बघ, डब्याच्या मागं.

धम्मानंद : आत्या, भंतेजी कुठले येतात?

गोजरबाई : वसमतचे. पर त्यांना आधी सांगावं लागतं.

धम्मानंद : मी आत्ता जातो सांगायला. गाडी आहे बाहेर. त्यांना उद्या सकाळी घेऊन येईन. स्वयंपाकाचं सामान येताना आणतो. काय काय लागतं ते सांग.

गोजरबाई : उद्या? आरं, उद्या म्हणजे... गावाला सांगायचं, खिरीचं दूध सांगायचं. लाइटबी न्हाई.

धम्मानंद : सांगायला मी फिरतो घरोघरी. हरिचंदकाकांकडं आधी जातो. जय भीम राहिलाय त्यांचा. नंबरही घेतो सगळ्यांचे.

सटवाजी : तुझं परतीचं तिकीट कवाचं हाय?

धम्मानंद : काढलंच नाही.

सटवाजी : मग नंतर महाग पडंल.

धम्मानंद : पडू द्या.

सटवाजी : बघ बाबा. माझ्यासाठी नको करू. मी पुढच्या पंधरवड्यातबी करायला तयार हाय. खरंच तयार व्हतो मी.

धम्मानंद : बाबा, धरा नीट. हलतंय. उद्याची तारीख टाकतो. आई गेली तीच.

सटवाजी : तुला ध्यानात हाय तारीख?

धम्मानंद : आहे.

सटवाजी : कवापासून?

धम्मानंद : कधी विसरलोच नव्हतो बाबा. तुम्हाला फोन केला, पुढं ढकलू म्हणालो, तेव्हाही समोर होती.

सटवाजी : बरं.

धम्मानंद : बाबा...

सटवाजी : काही न्हाई. मी आपला समजत व्हतो, लेकरू कामाच्या गडबडीत तारीख इसरलं असंल. लिही. आकडा मोठा काढ.