जड पिशवी, हलका कॅन

जिच्या आवाजाला सगळं घर टरकायचं, ती म्हातारी तपासणीच्या खिडकीपुढे मुकाट्यानं उभी होती. चोवीस तासांच्या लघवीचा कॅन तिनं दोन पिशव्यांत घालून शालीखाली दडवला होता. मागं दोघी मायलेकी कुजबुजत होत्या.

“आई, कॅन इतका हलका कसा?”

“हळू बोल. पाहुणे बसले होते. त्यांच्यादेखत हे घेऊन मोरीत जाऊ?”

“मग?”

“दुपारची सगळी तशीच जाऊ दिली.”

“अगं, तुझ्या मूत्रपिंडांतून प्रोटीन गळतंय. लघवीला फेस येतो तो त्याचाच. रक्तातलं कमी होतंय म्हणून पाय सुजलेत.”

“माहीत आहे.”

“अर्धी लघवी फेकलीस तर गळती कमीच दिसणार. डॉक्टर फसणार.”

“कमी दिसली तर बरंच की.”

“कुणाला बरं? पाहुण्यांना?”

“माझं मेलीचं हसं झालं असतं गं.”

“चल, नवा कॅन मागू.”

“तूच माग. मला लाज वाटते.”

पुढं उभ्या म्हातारीनं ते ऐकून आपल्याही सुजल्या पावलांवर साडी ओढली. तेवढ्यात खिडकीतल्या पोरानं विचारलं,

“आजी, पूर्ण चोवीस तासांची आहे ना?”

“नाही रे.”

“काय? ऐकू नाही आलं.”

“नाही म्हटलं! जावई मुक्कामाला होता, म्हणून रात्रीची ओतून दिली. ऐकलं आता सगळ्या रांगेनं? नवा कॅन दे. आणि माझ्या मागच्या बाईलाही एक दे, तिला मागायला लाज वाटते.”