सतरा बेडूक

मुलगी : खोडणार नाही सर. पेननं लिहिलंय.

सर : मग व्हाइटनर लाव, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एवढा एक आकडा बदललास की वीसपैकी चाराचे अठरा होतील. उद्या सकाळी मार्कांचा तक्ता मोठ्या बाईंकडे जायचाय. नववीत येऊन पर्यावरणात नापास. घरी काय सांगशील?

मुलगी : बाबांना चालेल. ते प्लंबर आहेत. ते म्हणतात, माप मनानं लिहिलं की गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात तळं होतं.

सर : इथे कुणाचं स्वयंपाकघर नाही. प्रकल्प आहे. 'आपल्या परिसरातील ओढा.' प्रश्न तिसरा, ओढ्यात किती बेडूक आढळले? उत्तर, सतरा. बाकीच्या एकेचाळीस जणांचं सतराच आलंय.

मुलगी : एकेचाळीस जण ओढ्यावर गेले होते?

सर : गेलेच असतील.

मुलगी : मी सात संध्याकाळी तिथे उभी होते, बाबांचे गमबूट घालून. एक लंगडं कुत्रं सोडलं तर कुणी फिरकलं नाही. आणि त्या कुत्र्यानं प्रकल्प दिलेला नाही.

सर : बरं, गेलीस, कौतुक आहे. पण उत्तर काय लिहिलंस? 'पाइपच्या वर पाच, पाइपच्या खाली शून्य.' एका प्रश्नाला दोन उत्तरं? आणि हा पाइप कुठून उपटला मध्येच? प्रश्नात पाइप नाही.

मुलगी : ओढ्यात आहे.

सर : कसला पाइप?

मुलगी : आपल्या शाळेचा. चौथ्या पानावर चित्र काढलंय. तुम्ही पहिल्याच पानावर मार्क देऊन टाकलेत.

सर : बेचाळीस वह्या असतात गं बाई.

मुलगी : दोनच वाचायच्या होत्या सर. माझी, आणि बाकीच्यांतली कुठलीही एक.

सर : जीभ फार चालते तुझी.

मुलगी : माझ्या दादाच्या वहीत सतरा होते. आत्याच्या वहीतही सतराच. आत्याला आता दोन मुलं आहेत. इतक्या वर्षांत एक बेडूक मेला नाही, एकाला पिल्लू झालं नाही?

सर : थांब. मामा, जरा आत या. तुम्ही जन्मभर या शाळेचं दार उघडताय आणि लावताय. हिला सांगा, मागच्या ओढ्यात बेडूक किती.

मामा : मी काय त्यांची हजेरी घेतो?

सर : अंदाजे सांगा.

मामा : सतरा लिहा.

सर : बघ.

मामा : सगळे तेच लिहितात. सुरुवात तुम्हीच केलीत की सर.

सर : मी?

मामा : पोरीसमोर बोलू का?

मुलगी : बोला मामा.

मामा : हे तुझे सर याच शाळेत नववीला होते. वर्गात सगळ्यांत बुटके. अख्खी शाळा छोट्या म्हणायची. प्रकल्प द्यायचा शेवटचा दिवस. छोट्या आपला मागच्या भिंतीवर चढून बसलेला. पायात नवे कोरे बूट आणि खाली चिखल. तिथूनच मला विचारतो, मामा, तुम्ही रोज मागचं दार लावता, ओढ्यात बेडूक किती असतील? माझ्या हातात चाव्यांचा जुडगा. म्हटलं, सतरा.

सर : म्हणजे तुम्ही मोजले होते ना?

मामा : चाव्या मोजल्या होत्या. एक हरवली म्हणून सकाळीच बोलणी खाल्लेली. बेडूक कोण मोजतंय, छोट्या?

सर : मामा, त्या प्रकल्पाला मला पहिलं बक्षीस मिळालंय.

मामा : माहितीये. फोटो आहे व्हरांड्यात. मीच पुसतो.

मुलगी : म्हणजे इतकी वर्षं सगळे मामांच्या चाव्या लिहितायत.

सर : तू गप. त्या बक्षिसावर मी हा विषय घेतला. तेव्हाच्या बाई म्हणाल्या होत्या, या मुलाला निसर्गाची जाण आहे.

मामा : बूट मात्र स्वच्छ राहिले हं.

सर : हसा. दोघंही हसा. पंधरा वर्षं जीव तोडून शिकवतोय मी. ओझोनचा थर, ध्रुवावरचं बर्फ, ते अस्वल...

मुलगी : खिडक्या लावून.

सर : काय?

मुलगी : पर्यावरणाच्या तासाला तुम्ही आधी खिडक्या लावायला सांगता. ओढ्याचा वास येतो म्हणून. आणि मग अस्वल. अस्वल फार लांब आहे सर. आम्ही त्याच्यासाठी वाईट वाटून घेतो आणि घंटा झाली की डबा खातो. ओढा खिडकीखाली आहे, आणि तो वास आपण सोडलेला आहे.

मामा : घ्या. आता शाळेवर आली.

मुलगी : मामा, शनिवारी पाइपमधून पांढरं पाणी येतं. ते काय असतं?

मामा : फिनेल.

मुलगी : किती ओतता?

मामा : एक कॅन.

मुलगी : कॅनवर लिहिलंय, बादलीभर पाण्याला एक झाकण.

मामा : झाकणानं वास येत नाही पोरी. आणि मोठ्या बाईंना वास आला तरच मी फरशी पुसली असं धरतात. नुसती पुसलेली फरशी त्यांना दिसत नाही. आणि सगळं माझ्या बोडक्यावर नको. प्रयोगशाळेच्या बेसिनचं पाणीसुद्धा तिथेच जातं.

सर : आमचं ते निळं पाणी?

मुलगी : बुधवारी निळं. चौथ्या पानावर आहे.

सर : दे बघू ती वही. वार घातलेस. रंगही भरलेस. ही वर्तुळं कसली?

मुलगी : बेडकाची अंडी. जेलीसारखी असतात, बोटाला गार लागतात. पाइपच्या वर आहेत, खाली एकही नाही.

सर : 'अनुमान : बेडूक शहाणे आहेत.' असं लिहितात का अनुमान?

मुलगी : मग कसं लिहितात?

सर : 'जलप्रदूषण ही गंभीर समस्या असून ती सोडवणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.'

मामा : त्या सर्वांमध्ये मी कितवा? म्हणजे मी नक्की काय करायचं?

मुलगी : एक झाकण, मामा.

मामा : हां. हे कळलं.

सर : समजा, समजा हं, हिचं बरोबर धरलं. मग एकेचाळीस जणांचं काय? त्यांना मी अठरा-अठरा वाटून बसलोय. मोठ्या बाई विचारतील, खरं कुठलं? काय सांगू? मला माहीत नाही?

मुलगी : माहीत नाहीच आहे ना सर.

मामा : पोरगी खोटं बोलत नाही एवढं खरं.

मुलगी : आता साडेपाच झालेत. ते सहाच्या सुमाराला बाहेर येतात. चला ना.

सर : आत्ता? माझ्या पायात हे बूट...

मामा : बघ. इतक्या वर्षांनी परत बूटच.

मुलगी : बाबांचे गमबूट जिन्याखाली ठेवलेत. तुम्हाला मोठे होतील, पण पाणी शिरणार नाही. मी चपलेवर येते.

सर : ठरवूनच आली होतीस तू.

मुलगी : हो.

मामा : थांबा, मागच्या दाराची चावी शोधतो. ही नाही. ही पण नाही.

सर : आता किती चाव्या आहेत मामा?

मामा : मोजून सांगतो.

(शाळेच्या मागच्या दाराबाहेर, ओढ्याकाठी.)

सर : काहीच नाही इथे. नुसता चिखल. शून्य लिही.

मुलगी : हळू बोला. आल्या आल्या शून्य नसतं लिहायचं. दहा मिनिटं गप्प उभं राहा. आम्ही वर्गात चाळीस मिनिटं बसतो.

मामा : ऐका सर. आता तास तिचा आहे.

सर : ती वर आपल्याच वर्गाची खिडकी ना? किती जवळ आहे.

मामा : कायम बंद ठेवता, म्हणून कळलं नाही.

मुलगी : सर, डावा पाय हलवू नका. नुसती नजर खाली न्या.

सर : दगड आहे तो.

मुलगी : दगडाला डोळे आहेत.

सर : अरे.

मामा : छोट्या, हलू नकोस.

सर : गळा बघा त्याचा. कसा धडधडतोय. माझ्याकडेच बघतोय मामा.

मामा : ओळख नाही ना आधीची.

सर : मामा, सकाळी मोठ्या बाईंना सांगा, मार्कांचा तक्ता उद्या येत नाही.

मामा : कारण विचारतील.

सर : म्हणावं, मोजणी चालू आहे. सगळा वर्ग खाली येणार आहे.

मुलगी : आणि माझे चार?

सर : ते खोडतो. पेननं लिहिलेत, तरी खोडतो. वही दे इकडे.

मामा : किती झाले?

सर : एक.