सात जणींतल्या तिघी

भाग्यलक्ष्मी: न्हाई गं मंजुश्री, मी संतपूरला माघारी जायलेय. अप्पा अजून फाटकापाशीच थांबलेत.

मंजुश्री: कामून? बिदरात आजच आलो, नर्सिंगचं पुस्तकबी उघडलं न्हाई!

भाग्यलक्ष्मी: होस्टेलच्या मॅडम चिठ्ठ्या टाकून खोल्या देणारेत. आठ पोरी, दोन खोल्या, चौघी-चौघी. मी एकटीच कन्नडवाल्यांत पडले तर? कळतंय मला, पर बोलायला गेलं की जीभ अडते. वरीसभर मुकी राहू?

मंजुश्री: पडशीलच कशावरनं?

भाग्यलक्ष्मी: पडीन, न्हाईतर न्हाई. निम्मं-निम्मं.

मंजुश्री: आता दारातनं हत्ती यील, न्हाईतर न्हाई येणार. निम्मा हत्ती व्हय? मोज की नीट. तू सोडून सात जणी. मी, ज्योती अन् तिची चुलत बहीण मराठीवाल्या. बाकी चौघी कन्नड. सातांतल्या तिघी तुझ्या खोलीत येणार. पहिली सातांतली कुनीबी, दुसरी सहांतली, तिसरी पाचांतली. गुणलं की दोनशे दहा तऱ्हा.

भाग्यलक्ष्मी: अगं बाई!

मंजुश्री: थांब. त्याच तिघी मागं-पुढं आल्या तरी खोली तीच. एकेक खोली सहादा मोजली आपण. सहानं भाग. पस्तीस.

भाग्यलक्ष्मी: अन् त्यांत माझं वाटोळं किती वेळा?

मंजुश्री: तिघीबी कन्नड यायच्या तर चौघींतली एक वगळायची. चारच तऱ्हा.

भाग्यलक्ष्मी: पस्तिसांत चारच? मग काढते चिठ्ठी.

(थोड्या वेळाने. चिठ्ठ्या निघाल्या आहेत.)

भाग्यलक्ष्मी: झालं! तिघीबी कन्नडच आल्या, ती रत्नम्मा अन् अजून दोघी. चुलीत घाल तुझं गणित.

मंजुश्री: चार म्हणजे शून्य न्हाई गं...

भाग्यलक्ष्मी: सोड माझी पेटी. चालले मी.

रत्नम्मा: अक्का, कुठं निघालीस? खिडकीपाशी तुला जागा धरलीय की.

भाग्यलक्ष्मी: रत्नम्मा! तुला मराठी येतंय?

रत्नम्मा: व्हय. अप्पा मन्नाएखेळ्ळीचे कन्नडवाले, अव्वा उदगीरची मराठी. तिच्यासंगं मराठीच.

मंजुश्री: घ्या! नावावरनंच मी हिला कन्नडात ढकललं. मग नुसत्या कन्नडवाल्या तिघीच. पस्तिसांत वाईट एकच होतं!

भाग्यलक्ष्मी: अन् ते निघालं न्हाई. मंजू, अप्पांना म्हणावं, बस धरा. रत्नम्मा, कन्नड शिकवशील? चुकले तर हसू नको पर.

रत्नम्मा: हसीन की. पर आधी जरा मराठीत बोल. अव्वा गेल्यापासनं माझ्यासंगं कुनी बोललंच न्हाई.