दहापैकी दहा

— नाही, अभिनंदन वगैरे काही नको, ताई, तुम्ही आधी तोंड त्या भोकात घाला बघू — हां, कपाळ टेकवा, हनुवटी सैल — ते सर्टिफिकेट भिंतीवर डॉक्टरांनी लावलंय, मी नाही. माझं चाललं असतं तर कपाटामागे टाकलं असतं. आता बोलू नका. तोंड खाली असताना माणूस बोलला की मान ताठते, मग माझं सगळं केलेलं पाण्यात. दुखतं कुठे तेही सांगू नका — हे बघा, इथे. आहे ना? उजव्या खवाट्याच्या वरच्या कोपऱ्यात, सुपारीएवढी गाठ. खांद्याला जड बॅग लावून हिंडता आणि फोन मानेत धरून बोलता. कळतं. अठ्ठावीस वर्षं याच पडद्यामागे पाठी बघतेय मी. चेहरे विसरते, पाठ विसरत नाही. रस्त्यात कुणी हसून विचारतं, ओळखलंत का — मी म्हणते, वळा जरा.

आणि असल्या बाईला, ताई, अठ्ठावीस वर्षांनी सांगतात, परीक्षा द्या! हाडांचे डॉक्टर — पुढच्या खोलीत बसतात तेच — त्यांनी बोलावलं, कागद पुढे केला. नवा नियम आलाय म्हणे, सर्टिफिकेट नसेल तर पेशंटच्या अंगाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, डॉक्टर, तुमची स्वतःची कंबर धरली होती तेव्हा कुठलं सर्टिफिकेट बघितलंत? हसले. हसले, पण कागद तिथेच ठेवला. झालं, बावन्नाव्या वर्षी दप्तर! आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग, बाकावर शेजारी विशीतल्या पोरी, आणि शिकवायला एक मॅडम, माझ्या भाचीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. बाई वाईट नाही हां. पण तोंड उघडलं की वाटायचं, ही माणसाबद्दल बोलतेय की मशीनबद्दल? खवाट्याला म्हणायचं अंसफलक — मला वाटलं, दुकानावरची पाटी. गळ्याखालचं आडवं हाड म्हणजे जत्रुक — जंतूचा चुलतभाऊ! ते कसंबसं पाठ होतंय तोवर शेजारी इंग्रजी, स्कॅप्युला, क्लॅव्हिकल — एका हाडाला तीन-तीन नावं, आणि ज्याचं हाड त्याला एकही माहीत नाही. ढुंगणाला तर असलं नाव दिलंय, ग्लुटियस मॅक्सिमस, की ऐकून उठून उभं राहावं — म्हणजे उभं राहायला लागतं तेच, ती गोष्ट वेगळी. हसू नका, पाठ हलते.

तो समोरचा तक्ता बघितलात ना येताना? सोललेला माणूस, तळवे पुढे करून उभा? सगळं शरीर म्हणे याच अवस्थेत धरायचं. असा कोण उभा राहतो, ताई? मागायला आलेला. बरं, तो आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचं डावं ते आपल्या उजवीकडे. मी आयुष्यभर माणसं पालथी बघितली, माझं डावं ते त्यांचं डावं. पहिला महिनाभर मी त्याचं काळीज त्याच्या उजवीकडेच दाखवत होते, पोरी खो-खो हसायच्या. 'वर', 'खाली', 'आत' असं साधं बोलायचं नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला नाही म्हणायचं — मध्यवर्ती बाजूस! पेशंट येऊन सांगणार आहे का, बाई, माझ्या मध्यवर्ती बाजूस कळ येतेय म्हणून?

पहिल्या वेळी तोंडी परीक्षेतच उडाले. बाहेरचे परीक्षक, टेबलावर हाडं मांडलेली. एक उचलून हातात दिलं — हे काय? मी डोळे मिटले, अंगठा फिरवला, म्हटलं, डाव्या खांद्याचा खवाटा. पण कुणाचाच नाही. ते म्हणाले, म्हणजे? म्हटलं, कडा फार गुळगुळीत आहेत, याला कधी ओझं लागलेलं नाही, हे खोटं आहे. त्यांनी चष्मा काढला. 'प्लास्टिकचंच आहे, बाई. नाव सांगा.' खवाटा. 'नाव.' आता खवाटा हे नाव नाही तर काय शिवी आहे? शून्य. ओळखलं त्याचं शून्य! डावा ओळखला, खोटा ओळखला, आणि शून्य.

हा हात जरा बाजूला सोडा, लोंबू दे — असा. घरी येऊन मी पुस्तक फेकलं होतं भिंतीवर. भाचीने उचललं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ती, माझ्याकडेच असते, सोळाची आहे. सहा वर्षं झाली, बहीण गेल्यापासून. बाप असून नसल्यासारखा, त्याने दुसरीकडे संसार मांडलेला. पोरगी गुणाची. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी उजळणी घ्यायची, ती विचारणार, मी कणीक मळता मळता सांगणार. चुकले की लाटण्याने टेबलावर टक्. 'मावशी, टिबिया आणि फिब्युला, नडगी कुठली?' टिबिया. 'आणि फिब्युला?' तिची सवत. टक्! शिकले मी. बघा ना, शेवटी शिकले. दुसऱ्या वेळी तोंडीला पन्नासपैकी एकेचाळीस. लेखीला चार गुणांनी गेले, ते — एक प्रश्न सोडला म्हणून. राहून गेला. म्हणजे राहून नाही गेला. सोडलाच.

पायाचा होता. पोटरीचा. काही नाही, असतो दर वेळी त्या धड्यावर एक प्रश्न.

तुम्ही परवा निघणार म्हणालात ना, परत तुमच्या गावाला? इकडे काही येणं-जाणं नाही? नाही, सहज विचारलं.

तो धडा मॅडमनी शिकवला तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते. खालच्या अवयवांमधल्या नीला — नीला म्हणजे शिरा, अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या. फळ्यावर पाय काढला, निळ्या खडूने शिरा काढल्या, पोटरीत खोलवर एक टिंब. ही गुठळी, म्हणाल्या. पाय बरेच दिवस हलला नाही, प्लास्टरमध्ये असला, की रक्त साकळतं आणि होते. मग एकाच पायाची पोटरी सुजते, जड वाटते, हाताला गरम लागते. अशी पोटरी चोळायची नाही, काही झालं तरी चोळायची नाही, सरळ डॉक्टरकडे. चोळली तर गुठळी सुटते. आणि मग, ताई, त्यांनी खडू टेकवला त्या टिंबावर आणि नेला वर — मांडी, पोट, काळजाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुप्फुसात — एक रेघ, सरळ, हात न उचलता. पोरी वहीत उतरवून घेत होत्या. एकीने विचारलं, मॅडम, हे परीक्षेला आहे? मी म्हटलं, पाणी पिऊन येऊ का? आणि गेले ती घरीच गेले. दप्तर बाकावर तसंच.

बहिणीचा पाय मोडला होता, घोट्याजवळ. जिन्यावरून घसरली. सहा आठवडे प्लास्टर. काढल्यावर चार दिवसांनी फोन आला — पाय जड वाटतो गं, सुजलाय, दाखवून येऊ का? मी काय म्हटलं? सांगा, मी काय म्हटलं असेल? अख्ख्या गावाच्या पाठी माझ्या हाताखाली, आणि माझी बहीण डॉक्टरकडे जाणार? मी म्हटलं, डॉक्टर कशाला, मी आहे ना. तीन दिवस गेले लागोपाठ, दुपारी. तेल कोमट करून, घोट्यापासून वर, घोट्यापासून वर — जोर लावून, ताई, मला जोर आहे हातात. पोरगी तेव्हा दहाची, तेलाची वाटी धरून शेजारी उभी. तिसऱ्या दिवशी रविवार होता. बहीण म्हणाली, हलकं वाटतंय आता, थांब, चहा टाकते. उठली. ओट्यापर्यंत गेली, आणि खालीच बसली. श्वास पुरत नाही गं, म्हणाली. एवढंच. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. मीही तेच धरून बसले — आमच्या वडिलांचंही तसंच झालं होतं, घराण्यातच आहे, असं लोकांना सांगत फिरले. पाच वर्षं सांगितलं. आणि मग ती निळी रेघ.

म्हणून सोडला प्रश्न. येत नव्हता म्हणून नाही. कोरं पान देऊन आले आणि घरी म्हटलं, वेळ पुरला नाही. मग तिसऱ्यांदा उजळणी सुरू, परत तीच पोरगी, तेच टेबल. इतके दिवस मी तो धडा टाळत आले, हा झालाय, तो राहू दे — पण ती धड्यामागून धडा घेणारी, शिस्तीची. एका संध्याकाळी काढलाच. 'मावशी, पोटरी चोळू नये अशी लक्षणं सांग.' मी म्हटलं, तू वाच, मी ऐकते. वाचायला लागली, भराभर वाचते ती. सूज एकाच बाजूस. जडपणा. हाताला उष्ण लागणे. पूर्वी प्लास्टर — आणि तिथे हळू झाली. मग थांबली. मी कणीक मळतच होते, मागे वळून बघितलंच नाही. मग पान उलटल्याचा आवाज आला. 'मावशी,' म्हणाली, 'हे काही येणार नाही परीक्षेला. पुढचं घेऊ.' आणि पुढचं विचारायला लागली, हाताची हाडं, मनगटाची आठ. मी आठही सांगितली. एकही चुकली नाही.

आणि आला ना प्रश्न! येणारच. एका रुग्णाचं सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं, डावी पोटरी सुजली आहे, काय तपासाल, काय करणार नाही, गुण दहा. मी बसले बघत. मग लिहायला घेतलं, आणि 'रुग्ण' लिहिताच येईना. 'माझी बहीण' लिहिलं. सगळं लिहिलं, ताई. शिरांची नावं लिहिली, इंग्रजीसकट, पोप्लिटियल, फेमोरल, सगळी ओळीने — आणि तेल, तीन दुपारी, ओटा, श्वास. कुठे किती हात लावला तेही. म्हटलं, वाचतील कोणीतरी, बोलावतील, विचारतील, शिक्षा करतील, निदान नापास तरी करतील कायमचं. बोलावलं मॅडमनी. मागच्याच आठवड्यात. उत्तरपत्रिका समोर, लाल शाई — दहापैकी दहा. म्हणाल्या, 'किती जिवंत उदाहरण घेतलंत हो! असं कुणी लिहीतच नाही. पुढच्या वर्गाला वाचून दाखवू का?' उदाहरण! त्याच दहांनी पास झाले मी. लोक पेढा मागतायत. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून पायही घ्या आता, हरकत नाही. भिंतीवर टांगलंय ना — माझ्या बहिणीचे दहा गुण आहेत त्यात.

नाही — वर नका बघू. तोंड खालीच ठेवा. आणि ते बोलू नका, तुम्हाला कुठे माहीत होतं, ते. मला ठाऊक आहे तुम्ही तेच म्हणणार, कुणीही म्हणेल. नाव माहीत नव्हतं, हो. नीला माहीत नव्हती, गुठळी माहीत नव्हती. पण हात? या हाताला प्लास्टिकचा खवाटा कळतो. पहिल्याच दुपारी एक हात उजव्या पोटरीवर होता, एक डाव्या — उजवी गार, डावी गरम. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. आणि हाताने एकदा मागे घेतलं स्वतःला, आपोआप, मी न सांगता. मी काय केलं? परत ठेवला. वर तेल घातलं.

काल संध्याकाळी पोरगी जेवता जेवता म्हणाली — सर्टिफिकेट बघून आली होती इथे, तक्त्याखाली उभी राहून वाचलं तिने सगळं — ताटातून मान वर न करता म्हणाली, 'मावशी, एकच विचारते, परत कधी विचारणार नाही. आईची पोटरी गरम होती का गं हाताला?'

मी म्हटलं, नाही.

म्हटलं, नाही गं, गार होती, नेहमीसारखी. तिने हूं केलं. जेवली. माझंही ताट तिनेच उचललं.

झालं तुमचं. एकदम उठू नका, चक्कर येईल, आधी कुशीवर वळा. टॉवेल तिथे खुर्चीवर आहे. मान दोन दिवस जपा, बॅग डाव्या खांद्याला लावा. नाही, काही बोलू नका म्हटलं ना, ताई — बाहेर माणसं बसलीयेत. जाताना पडदा ओढून घ्या.