टेशनातली बाई

(सकाळ. अनंताची आज सुट्टी; डोळखांबजवळच्या पाड्यावर तो घरीच आहे. त्याची बायको सावळी अंगणात सुपानं नाचणी पाखडतेय.)

सावळी : मग, नाव सांगतोस का तिचं?

अनंता : नाव नाय गो तिला. कितींदा सांगू!

सावळी : बिननावाची बाई रातभर माझ्या नवऱ्याच्या कानात बोलते. बरंय. मीच तुझ्या कानातली वायर काढून माझ्या कानाला लावली म्हनून कळलं तरी.

अनंता : टेशनातला आवाज हाय तो. विमानतळाच्या टेशनात, जमिनीखाली, मी लादी पुसतो ना? तिथं गाडी आली का वरून बोलतो. मशीन हाय. मी मोबाईलमधे भरून घेतला.

सावळी : मशीन एवढं गोड बोलतं? 'कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा.' मला कोनी एवढं मऊ सांगितलं तर मी शेताच्या बांधापातुर मागं जाईन.

अनंता : बघ, तुला पन आवडला.

सावळी : आग लागो त्या आवडीला! माझा जीव जळतोय इथं. मी हाक मारली का वसकन अंगावर येतोस, अन् तिचं बोलनं उशाला घेऊन झोपतोस. वर काल भाकर वाढली तर मला 'धन्यवाद' म्हनलास. बायकोला कोन धन्यवाद म्हनतं रे? पावनी हाय का मी?

अनंता : सवय करतोय.

सावळी : कसली?

अनंता : पुढल्या आठवड्यात मुलाखत हाय. विमानातून उतरलेल्या मानसांना कुठली गाडी, कुठला जिना, ते सांगायचं काम. हातात फडकं नाय. मागं एका बाईनं मला रस्ता इचारला. मी नीट सांगितला. तर नवऱ्याला म्हनते, 'हा काय बोलतो कळतच नाही, दुसऱ्याला विचार.' माझ्यासमोर! तवाच ठरवलं, तसं बोलाय शिकायचं. शिकवनारी ती एकलीच. अन् ती चिडत नाय.

सावळी : मी चिडते.

अनंता : तसं नाय म्हनलो.

सावळी : तसंच म्हनलास. ती चिडत नाय, दमत नाय, तिची कंबर धरत नाय. तिला कोनाची नाचणी पाखडायची नाय. तिच्याशी माझी बरोबरी लावतोस होय?

अनंता : सावळे...

सावळी : अजून कायतरी हाय. तुझं तोंड सांगतंय.

अनंता : काम मिळालं तर पयल्या गाडीच्या आधी हजर व्हावं लागंल. आतासारखं रोज इथून जाऊन-येऊन जमायचं नाय, तवा गाडीच नसती. तिथंच खोलीत राहायचं, बाकीच्या पोरांसंगं. सुट्टीला तेवढा येईन.

सावळी : म्हंजे आठवडाभर तिचा, अन् एक दिस माझा.

अनंता : तू 'नको' म्हन, मी जात नाय मुलाखतीला.

सावळी : हां, माझ्याच माथी मार! मग जलमभर लादी पुसताना माझा उद्धार करशील. उठ. उभा राहा तिकडं.

अनंता : कशाला?

सावळी : मी विमानातून उतरले.

अनंता : सूप घेऊन?

सावळी : सामान हाय ते माझं. दादा, डोळखांबला कसं जायचं?

अनंता : नमस्कार मॅडम. आपण कृपया येथून मेट्रोने जाऊन मरोळ नाका स्थानकावर उतरावे. तेथून घाटकोपरला जाणारी मेट्रो घ्यावी. घाटकोपरहून कसारा लोकलने आसनगावला उतरावे.

सावळी : अगं बाई! तिच्यासारखंच बोलला मेला. पुढं?

अनंता : पुढे रिक्षाने शहापूरला जावे. तेथून डोळखांबची एसटी मिळेल.

सावळी : उतरले एसटीतून. आता?

अनंता : आता... आता वढा वलांडायचा. चपला हातात घे, शेवाळ हाय, पाय जपून टाक. मंग मोहाच्या झाडाकडनं वर चढलीस का कुत्रा भुकंल, त्याला भ्यायचं नाय, आपलाच हाय. पयलं घर कमळूचं, ते सोडायचं. त्याच्या मागं आपलं.

सावळी : चुकलास. 'आपण', 'कृपया', समदं इसरलास.

अनंता : मुलाखतीत इथवर कोन इचारतंय!

सावळी : मी इचारीन. दर सुट्टीला इचारीन.