करकोच्यांचं माहेर

उमा : हळू बोला जरा. साळूबाई आत ताक घुसळतेय, काही परगावी गेलेली नाही.

शरच्चंद्र : हळूच बोलतोय. पण हे बघ ना. शेंड्यापासून खालपर्यंत वाळलीय. साल नुसती धरली तरी हातात येतेय. एवढी दांडगी चिंच, उमा, ही अशी आपोआप मरत नाही.

उमा : मग कशानं मेली?

शरच्चंद्र : तू ज्याच्यावर बसली आहेस ना, त्यानं.

उमा : या पारानं?

शरच्चंद्र : पाया किती खोल घेतलाय बघ. चहूबाजूंनी खणलं, म्हणजे मुळं तोडली असणार. आणि वर बुंध्याभोवती कमरेइतकी माती भरली. गळा दाबल्यासारखं झालं झाडाला. ते वाळलं, फांद्या मोडायला लागल्या, करकोच्यांना घरटी करायला जागा उरली नाही. झालं. यात कोडं काही नाही.

उमा : कोडं नाही, पण सांगणार कोणत्या तोंडानं? दगडावर नाव कोणाचं आहे, वाचलंत ना?

शरच्चंद्र : वाचलं. तिच्या सयाजीचं. मला तो पहिल्यांदा भेटला तोच या झाडाखाली. घरट्यातून पडलेलं पिल्लू पाटीत घालून वर चढत होता. ओळख ना देख, मला म्हणाला, मास्तर, जरा शिडी धरा.

उमा : आणि तुम्ही धरलीत.

शरच्चंद्र : धरली. करकोचे कुठं वीण करतात ते शोधत सातारा, कराड, पाटण, सगळीकडं सायकल मारली होती. शेवटी सापडले ते इथं, शिराळ्याच्या या कोपऱ्यात. माझ्या नकाशातला करकोच्यांचा पहिला ठिपका या गावाचा.

उमा : मला काय सांगता? गावाचं नाव मीच लिहिलंय त्यावर. लोकांच्या बायका दिवाळीला पातळ मागतात, मी शाईची बाटली मागते.

शरच्चंद्र : लढाईच्या दिवसांत सायकलला टायर मिळेना. मग इकडं चळवळीची धरपकड सुरू झाली. पुढच्या साली जाऊ, पुढच्या साली जाऊ, असं म्हणत राहिलो. पार बांधत होते तेव्हा एकदा जरी येऊन गेलो असतो, तरी गवंड्याचा हात धरला असता. फार वाईट वाटतं गं.

उमा : वाटणारच. पण ते उगाळून झाड पालवत नाही. ती विचारणार आहे तुम्हाला. तिला काय सांगायचं ते ठरवा.

शरच्चंद्र : जे आहे ते. नकाशात काय लिहू मग?

उमा : कुठं होते आणि आता कुठं आहेत, ते लिहा. मुलाच्या नावानं बांधलेल्या पारानं झाड मारलं, हे त्याच्या आईला तोंडावर सांगायची काही गरज आहे का?

शरच्चंद्र : खोटं सांगू?

उमा : गप्प राहा. आली बघा.

(साळूबाई ताकाचे पेले घेऊन येते.)

साळूबाई : उठू नगा, उठू नगा. बसा पारावरच. मानसानं बसावं म्हनूनच बांदलाय. ताक घ्या वैनी, आंबट न्हाई.

उमा : छान थंड आहे. साळूबाई, करकोचे होते तेव्हा इथं असं बसायला मिळत नसेल.

साळूबाई : आवं, कुठलं बसताय. खालनं नुसतं गेलं तरी लुगडं धुवाय टाकाय लागायचं. आनि वास असा सुटायचा, नवी सून आली की नाकाला पदर लावून फिरायची. पन कुनी दगुड मारला न्हाई कदी. दिवाळी सरली की यायच्या. आमी म्हनायचो, पोरी बाळतपनाला म्हायेरी आल्या.

उमा : माहेरी. किती गोड म्हणायचात.

साळूबाई : नुसतं म्हनायचो न्हाई. वरात आली तरी वाजंत्री चावडीपाशी गप व्हायची. हितनं म्होरं समदी मुकाट चालायची. बाळतिनीच्या दारात का कुनी वाजवतंय? आनि शिमग्याच्या आदी पिल्लं उडाली, की आमी बाया झाडाची वटी भरायचो. खन, नारळ, हिरव्या बांगड्या. सासरी लावून द्यायची न्हवं.

शरच्चंद्र : सयाजी मला हे सगळं सांगायचा.

साळूबाई : त्येला लय नाद. पलटनीतनं पत्र आलं तर आदी करकोचं आलं का, आनि मग आई कशी हाय. मी म्हनायची, मेल्या, चिंचंवर ऱ्हायाला जाऊ का, म्हंजे माजंबी आदी इचारशील.

उमा : तुम्हाला एकच होता ना?

साळूबाई : येकच. इटलीत लडाईत गेला. तार आली तवा झाडावर पिल्लं व्हती बघा, मास्तर. समदं गाव गोळा झालं दारात. आनि मला वरडून रडता येईना. बाळतिनी वर बसल्या हायत, हितं टाहो फोडायचा कसा? पदराचा बोळा तोंडात धरला आनि बसले. बायाबी तशाच बसल्या. पिल्लं उडून गेली, तवा कुठं मी मोकळी रडले.

उमा : साळूबाई...

साळूबाई : मग मनात आलं, पोराचं कायतरी ऱ्हावं. जिथं त्यो चढायचा, तितंच ऱ्हावं. म्हनून पार बांदला. म्होरल्या साली करकोचं आलं, पन थोडं. त्येच्या म्होरल्या साली दोन-चार आलं, वर घिरट्या घातल्या, बसलं न्हाई. मग न्हाईच.

शरच्चंद्र : हं.

साळूबाई : आता बाया काय म्हनत्यात ठावं हाय? म्हायेरवाशिनीच्या झाडाला साळूनं मेलेल्याचं नाव लावलं. अपशकून केला, म्हनून पोरी रुसल्या. मनुबाई तर तोंडावर म्हनली. वटी भरायला समद्या आदी माज्या दारात जमायच्या. आता तांब्याभर पानी मागाय कुनी येत न्हाई. म्हनून तुमास्नी निरोप धाडला. तुमी सांगलीच्या शाळंत शिकवताय, पाखरांमागं फिरताय. काय हाय त्ये मला सांगा. माज्या पोराच्या नावानं गेल्या का त्या?

शरच्चंद्र : नाही. नावानं नक्की नाही. पाखरांना कुठं वाचता येतं?

साळूबाई : मग कशानं?

शरच्चंद्र : त्याचं असं आहे, साळूबाई. म्हणजे करकोचा जागा सोडतो त्याला...

उमा : अहो, येताना तुम्ही नदीचं काहीतरी म्हणत होता ना?

शरच्चंद्र : नदीचं?

उमा : मासळीचं.

शरच्चंद्र : हां. मासळी. मासळी कमी झाली. डोह गाळानं भरले. करकोच्याला पिल्लांसाठी मासे लागतात. जवळ खायला नसेल तर तो तिथं घरटं करत नाही. दुसरीकडं जातो.

साळूबाई : झाडाचं काय न्हाई?

शरच्चंद्र : झाड... झाडही म्हातारंच झालं होतं.

साळूबाई : असंल.

उमा : जुनंच होतं ना?

साळूबाई : माजी सासू नवरी म्हनून आली, तवा असंच मोटं व्हतं म्हनायची. असंल म्हातारं. मास्तर, मासळीचं हे मनुबाईला सांगाल का? जाताना तिच्या दारावरनंच वाट हाय. माजं कुनी ऐकत न्हाई. तुमी सांगितलं म्हंजे गप बसंल.

शरच्चंद्र : सांगतो.

साळूबाई : आनि तुमच्या त्या नकाशात? आमचं गाव पुसनार का आता?

शरच्चंद्र : पुसत नाही. भरलेल्या ठिपक्याच्या जागी रिकामं वर्तुळ काढायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, इथं पूर्वी वीण होत होती.

साळूबाई : मग बरं. आनि पोरी गेल्या कुठं?

शरच्चंद्र : पिंपळवाडीला. खाली, कृष्णेकाठी. परवाच बघून आलो. तिथंही चिंचच आहे, चावडीसमोर. दोन-तीन सालं येताहेत, यंदा तर झाड पांढरं झालंय.

साळूबाई : पांडरं झालंय? म्हंजे हायत. सुकरूप हायत. मला वाटलं व्हतं, कुठं मरून गेल्या का काय. तितली लोकं कशी हायत? दगुड मारत्यात का?

शरच्चंद्र : छे, फार जपतात. पोरांना झाडाखाली ओरडूसुद्धा देत नाहीत. कौतुक एवढं, की पाटलांनी घडीव दगड आणून टाकलेत, पाखरं उडाली की...

उमा : अहो, शिराळ्याहून सुटणारी मोटार चुकेल. ऊन उतरलं बघा.

साळूबाई : कशाचं दगुड?

शरच्चंद्र : असेच. कोणाच्या तरी घराचे असतील.

साळूबाई : व्हय, असतील.

उमा : निघतो आम्ही, साळूबाई. ताक फार छान होतं. सांगलीला आलात की आमच्याकडंच उतरायचं.

साळूबाई : यीन की. थांबा वैनी, शेंगा बांदून ठेवल्यात, त्या घ्या. न्हाई म्हनू नगा. मास्तर, पिंपळवाडीवरनं जानार का परत?

शरच्चंद्र : जाणार. उद्याच जाणार आहे.

साळूबाई : ती दगडं पाराची असतील तर नगं म्हनावं. मुळांवर कुदळ पडली की चिंच जगत न्हाई.

शरच्चंद्र : साळूबाई, मी मघाशी जे...

साळूबाई : तुमी बरं बोलला. मनुबाईला तसंच सांगा. पन पिंपळवाडीच्या लोकास्नी खरं काय त्ये सांगा. न्हाई पटलं, तर हितं घ्यून या त्यास्नी. मी दावते.