गोरखचिंचेची पाटी

हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक जोडपं होतं. बाईंच्या मांडीवर डालड्याच्या डब्यात वीतभर रोप, नवऱ्याच्या हातात नुकतीच रंगवलेली पाटी.

"वाचा की मोठ्यानं."

"गोरखचिंच. बी पेरून वाढवणारे विठ्ठलराव पिसे, दाजीबानपेठ."

"कुणी वाढवली?"

"इंदुमती, सवणूरहून बिया मी आणल्या."

"आणल्यात. दोन वर्षं डब्यांत पेरत होता, एक तरी उगवली?"

"ही उगवली की! उशिरा का होईना."

"ही माझी. उरलेल्या बिया गरासकट माझ्याकडं देताना काय म्हणालात? दोड्ड हुणसे आहे, ठेव. कानडीत हुणसे म्हटल्यावर मी चिंचच समजणार. उकळतं पाणी ओतलं, रात्रभर भिजवली आणि सकाळी कोळून सार केलं."

"सार?"

"दोन वाट्या प्यालात. फक्कड झालंय म्हणालात."

"झालं होतंच. आणि बिया?"

"कोथिंबीर लावलेल्या डब्यात फेकल्या. पंधरा दिवसांत हे वर आलं."

"म्हणजे त्या बीला उकळतं पाणीच हवं होतं!"

"बीला पाणी हवं होतं, मला पाटीवर नाव हवंय. झाड हजार वर्षं टिकतं म्हणता. तितकी वर्षं लोकांनी तुमचंच नाव वाचायचं?"

"अगं, पाटी रंगवून झाली."

"मग डबा मिळणार नाही."

रायापूरला दोघं उतरले. डबा आता नवऱ्याच्या हातात होता.

"ओ यजमान, पाटी राहिली!" कंडक्टर ओरडला.

"असू द्या. तिच्यात चूक आहे."